कॅम्परची बॅटरी वाटेत भरलेली कशी ठेवायची

कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, बनवून घेणारे लोक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, बॅटरी केवढी टाकू?" मी उलट विचारतो, "भरणार कशी?" बहुतेक जण छताकडे बोट दाखवतात. सोलर आहे ना! सोलर चांगलाच आहे, पण मुंबईहून कोकणात नाहीतर घाटावर जाणाऱ्या गाडीचा खरा चार्जर बॉनेटखाली बसलेला असतो. चाळीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे लगेच कळतं. गच्चीत टाकी कितीही मोठी बसवा, पाणी तासभरच येणार आणि पाइप अर्ध्या इंचाचा असणार, तर टाकी कधी भरत नाही. म्हणून आधी भरण्याचे मार्ग रुंद करा, बॅटरीचा आकार मग बघू.

बेस्टच्या डेपोत मी इलेक्ट्रिशियन होतो. आता भांडुपला ओळखीच्या गॅरेजात कॅम्परचं वायरिंग करतो आणि सवड मिळाली की सौ.ला घेऊन स्वतःही बाहेर पडतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. बॅटरीच्या बहुतेक तक्रारी बॅटरीच्या नसतातच, तिच्यापर्यंत करंट पोचवणाऱ्या वाटेच्या असतात.

आधी वहीत खर्च मांडा

अंदाजाने बोलू नका, कागद घ्या. आमच्या गाडीचा उन्हाळ्यातला दिवस असा असतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज, ४५ वॅट. मे महिन्यात कोकणात त्याचा कॉम्प्रेसर जवळजवळ अर्धा वेळ चालतो, म्हणजे १२ तास. झाले ५४० वॅट-अवर. २० वॅटचे दोन पंखे रात्रभर, आठ तास: ३२०. एलईडी दिवे ७५. फोन, कॅमेरा, छोटा स्पीकर ८०. पाण्याचा पंप दिवसाकाठी पाव तास, म्हणजे १५. बेरीज १०३०. याला १२.८ ने भागलं की साधारण ८० अँपिअर-अवर.

१०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर यात ८० टक्के संपते, आणि ते तिला चालतं. लेड-अॅसिड बॅटरी मात्र अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, आयुष्य घटतं. म्हणजे याच कामाला १६० अँपिअर-अवरची लागेल, आणि वजन किती तरी जास्त. जागा आणि पैसा जमत असेल तर मी आता लिथियमच सुचवतो.

या हिशेबात लोक एक गोष्ट हमखास विसरतात, इन्व्हर्टर. काही लावलेलं नसतानाही तो १०-१५ वॅट खात बसतो. १५ वॅट धरले तरी २४ तासांत ३६० वॅट-अवर होतात, आमच्या दोन्ही पंख्यांच्या रात्रभराच्या खर्चाहून जास्त! मिक्सर फिरवून झाला की इन्व्हर्टर स्विचने बंद करा. फोन आणि लॅपटॉप १२ व्होल्टवरूनच चार्ज होतील असे सॉकेट बसवून घ्या. इंडक्शनची शेगडी मात्र या बॅटरीवर लावू नका. २००० वॅटची शेगडी बॅटरीतून दीडशेच्या वर अँपिअर ओढते. चहाला गॅस बरा.

इंजिनावर चार्जिंग

पूर्वी सोपं होतं. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा जनरेटर, सतत १४ व्होल्टच्या आसपास द्यायचा, मध्ये एक व्होल्टेज पाहून जुळणारा रिले टाकला की मागची, म्हणजे फ्रीज-पंख्यांची बॅटरी पुढच्या, म्हणजे गाडी स्टार्ट करणाऱ्या बॅटरीला जोडली जायची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरवर कॉम्प्युटरचा ताबा असतो. पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज खाली आणतो. रिले मग मध्येच तुटतो, मध्येच जुळतो, आणि मागची बॅटरी अर्धपोटी राहते. नवी गाडी असेल तर रिलेच्या भानगडीत पडू नका. डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. आत येणारं व्होल्टेज वर-खाली झालं तरी तो बाहेर बॅटरीला हवं तेच देतो.

लिथियम असेल तर गाडी जुनी असली तरी हा चार्जर हवाच. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी. थेट जोडलीत तर ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी सायन-पनवेल रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये उभी, इंजिन आयडलवर, त्यामुळे अल्टरनेटरचा पंखा मंद, वर बाहेर ३५ डिग्री. अशा वेळी वाइंडिंग तापून जळतं. आणखी एक धोका आहे. बॅटरीतल्या बीएमएसने, म्हणजे तिची राखण करणाऱ्या सर्किटने, स्वसंरक्षणासाठी चालत्या गाडीत अचानक लाइन तोडली, तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड उडतात. डीसी-टू-डीसी चार्जर मध्ये असला की दोन्ही टळतं.

केवढा घ्यायचा? अल्टरनेटरवर लिहिलेले अँपिअर इंजिन जोरात फिरतानाचे असतात, आयडलला त्याहून बरेच कमी मिळतात. त्यातून गाडीचा एसी, हेडलाइट, वायपर, ब्लोअर वजा करा. बहुतेक कॅम्परना ३० अँपिअरचा चार्जर पुरतो. वरच्या हिशेबातले ८० अँपिअर-अवर तो पावणेतीन तासांत भरून काढतो. म्हणजे दादरहून निघून माणगावला वडापाव खायला थांबेपर्यंत बॅटरी भरलेली. करंट अर्धा करण्याची सोय असलेला चार्जर मिळाला तर तोच घ्या, शहरातून बाहेर पडेपर्यंत कमीवर ठेवता येतो.

चार्जर इंजिन चालू असतानाच सुरू झाला पाहिजे, नाहीतर तो पुढची बॅटरी उपसून मागची भरेल. त्यासाठी इग्निशनची एक बारीक वायर त्याला द्यावी लागते. ही वायर दिली की नाही ते मेकॅनिकला विचारून, डोळ्यांनी बघून घ्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने जाणाऱ्यांनी, नाहीतर पुढे दिघी, दाभोळ, जयगडच्या जेट्ट्या घेत किनाऱ्याने उतरणाऱ्यांनी तर नक्कीच. बोटीवर इंजिन बंद असतं, आणि ही वायर नसली किंवा किल्ली चुकून ऑनवर राहिली तर हाच चार्जर पुढची बॅटरी पिऊन टाकतो. मागे रांग लागलेली असताना गाडी बोटीवरून उतरत नाही, ही वेळ कोणावर येऊ नये.

मुक्कामावर उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरणं मला अजिबात मान्य नाही. डिझेल जळतं, शेजारच्या तंबूतल्या लोकांना धूर आणि आवाज, आणि आयडलवर मिळतं थोडंसंच. त्यापेक्षा सकाळी गाडी काढा, बंदरावर जाऊन मासळी घेऊन या. तासभर रस्त्यावर फिरलात तर तीसेक अँपिअर-अवर आत पडतात.

वायर आणि फ्यूज

इथे पैसे वाचवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. हिशेब साधा आहे. पुढच्या बॅटरीपासून मागच्या चार्जरपर्यंत ६ मीटर धरा. जाऊन येऊन १२ मीटर. ३० अँपिअरला ६ स्क्वेअरच्या (म्हणजे ६ चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरीत १ व्होल्टहून थोडं जास्तच वाटेत जिरतं. १६ स्क्वेअर घेतली तर ०.४. २५ स्क्वेअर घेतली तर पाव व्होल्ट. मी १६ च्या खाली येत नाही, २५ बसत असेल तर २५.

निगेटिव्हसाठीही वेगळी वायर ओढा. चेसिसवर भरवसा ठेवून काम होतं, पण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचा बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतो. जमल्यास कल्हई केलेली, म्हणजे टिन्ड तांब्याची वायर घ्या. लोहार चाळीत वायर, लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा कान), हीट श्रिंक (जोडावर तापवून बसवायची नळी) सगळं एका फेरीत मिळतं. मीटर, शंट (करंट मोजायला वाटेत बसवायची पट्टी), सोलर कंट्रोलरसाठी लॅमिंग्टन रोड. लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या, पक्कड किंवा हातोडीने नको. आणि पॉझिटिव्ह वायरीला दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. दोन्ही टोकांना का, तर दोन्हीकडे बॅटरी आहे. वायर मध्येच कुठे घासून चेसिसला टेकली तर करंट दोन्ही बाजूंनी येतो.

बारीक वायर काय करते ते एका फोनवरून सांगतो. दिवेआगरहून एका ताईंचा रात्री फोन आला. गाडीचं वायरिंग दुसरीकडचं, पण त्यांना माझा नंबर कोणीतरी दिला होता.

"काका, नवी बॅटरी खराब निघाली. फ्रीज सारखा बंद पडतोय आणि मीटर तर साठ टक्के दाखवतंय."

"ताई, मल्टिमीटर आहे का जवळ?"

होता. फ्रीज चालू ठेवून बॅटरीच्या थेट टर्मिनलवर लावायला सांगितला: १३.१. मग फ्रीजचा प्लग जिथे लागतो त्या सॉकेटच्या मागच्या वायरींवर: १२.३. म्हणजे चार अँपिअरसारख्या किरकोळ करंटला ०.८ व्होल्ट वाटेत गायब. मग म्हटलं, फ्रीज बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा आणि कॉम्प्रेसर सुरू होताना आकडा बघत राहा. "काका, सव्वाअकरापर्यंत खाली गेला!" कॉम्प्रेसर उचलताना करंट दुप्पट-तिप्पट होतो. फ्रीजला वाटतं बॅटरी संपली, म्हणून तो स्वतःला बंद करून घेतो. बॅटरी बिचारी ठणठणीत होती. फ्रीजवर बॅटरी-प्रोटेक्शनचं सेटिंग 'हाय'वर होतं, ते 'लो' करायला सांगितलं, तेवढ्यावर रात्र निभावली. हाय हे सेटिंग गाडीच्या स्टार्टर बॅटरीसाठी असतं, वेगळी बॅटरी असेल तर लोच ठेवायचं.

पुढे गाडी बघायला आली तेव्हा आत घरगुती दीड स्क्वेअरची वायर सापडली, पलंगाखालून वळसे घेत सात मीटर, आणि टोकाला सिगारेट लायटरचा ढिला सॉकेट. फ्यूज बॉक्सपासून ६ स्क्वेअरची सरळ लाइन ओढली, सॉकेट काढून स्क्रूचा कनेक्टर दिला. तोच फ्रीज, तीच बॅटरी, आणि वाटेतली घट ०.२ च्या आत.

ही तपासणी तुम्हीही करा. लोड चालू असताना आधी बॅटरीवर, मग उपकरणापाशी. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वायर नाहीतर जोड दोषी. तास-दीड तास गाडी चालवून झाली की इंजिन बंद करून प्रत्येक मोठ्या लगला बोटाच्या मागच्या बाजूने हात लावा. बाकी सगळे कोमट आणि एकच चटका देणारा असेल, तर तो ढिला आहे.

मागे ओढायचा ट्रेलर असेल तर हेच गणित आणखी कडक होतं. सात पिनांच्या ट्रेलर प्लगमधली वायर दिव्यांपुरती असते, तिच्यावर बॅटरी भरायची आशा धरू नका. ५० अँपिअरचा अँडरसन प्लग, म्हणजे जड करंटसाठीचा प्लग, वेगळा लावा, १६ स्क्वेअर किंवा त्याहून जाड जोडी पुढून मागे न्या, आणि डीसी-टू-डीसी चार्जर गाडीत न लावता ट्रेलरमध्ये, बॅटरीच्या शेजारी लावा. वाटेतली घट तो भरून काढतो, आणि त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची वायर हातभर राहते.

सोलर

२०० वॅटचं पॅनेल २०० वॅट देत नाही. छताला सपाट पडलेलं, उन्हात ६५ डिग्रीपर्यंत तापलेलं पॅनेल नुसत्या उष्णतेने १४-१५ टक्के गमावतं. वर धूळ. ऑक्टोबर ते मे या काळात दिवसाला पाच तासांचं पक्कं ऊन धरलं, तरी हातात ७०० वॅट-अवर आले तर समाधान माना. आमच्या दिवसाला १०३० लागतात. म्हणजे २०० वॅटवर गाडी एका जागी उभी असेल तर रोज थोडी मागे पडत जाते, ३०० वॅटवर बरोबरी होते. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असलं की २०० वॅटमधून तीस-चाळीस वॅटही कसेबसे येतात. पावसाळ्यात बाहेर पडताना सोलर नाहीच असं धरून चाला.

कोकणात सावलीचा मोठा घोळ असतो. माडाच्या झावळीची एक पट्टी पॅनेलवर आडवी पडली तरी उत्पादन धाडकन उतरतं. दोन पॅनेल असतील तर समांतर, म्हणजे पॅरललमध्ये जोडा. एकावर सावली आली तरी दुसरं काम करत राहतं. माडाखाली गाडी लावायचीच नाही. सावली तर आहेच, वरून नारळ पडला तर पॅनेलची काच राहत नाही. पॅनेल आणि छप्पर यांच्यात दोन-तीन इंच फट ठेवा म्हणजे वारा खेळतो. समुद्राकाठी दोन दिवस उभं राहिलं की काचेवर खारट थर येतो, त्यात लाल माती बसते. सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा.

कंट्रोलर एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वॅट काढणारा, घ्या आणि बॅटरीचा प्रकार त्यात नीट निवडा. लिथियमला १४.२ ते १४.४ व्होल्ट पुरेसे आहेत. लेड-अॅसिडला १४.४ च्या आसपास, मग फ्लोट, म्हणजे भरल्यावर तशीच टिकवायला, १३.६. लेड-अॅसिडवाल्यांनी तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवा. उन्हाळ्यात बॅटरीची पेटी ४० डिग्रीला गेली की चार्जिंगचं व्होल्टेज तीन-चार दशांशाने खाली आणावं लागतं, नाहीतर पाणी आटतं. तिचे शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात, तीन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये ती पूर्ण भरतच नाही. तिथे सोलरचा खरा उपयोग आहे, दुपारभर सावकाश वरपर्यंत नेतो.

मुक्कामाची लाइट

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण प्रत्यक्षात आपण बहुधा एखाद्या होम-स्टेच्या अंगणात किंवा रिसॉर्टच्या आवारात गाडी लावतो आणि मालकाला लाइटबद्दल विचारतो. ३० अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टवरून जेमतेम सव्वादोन अँपिअर घेतो, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. रिकामी १०० अँपिअर-अवरची लिथियम भरायला साधारण दीड युनिट लागतं. हे मालकाला आधीच सांगा आणि पैसे द्या.

लावण्याआधी सॉकेट टेस्टर लावून अर्थिंग बघा. गावाकडे तीन पिनांचा सॉकेट असतो आणि अर्थिंगची पिन बऱ्याचदा नुसतीच शोभेला. गाडीचा पत्रा आणि ओली जमीन यांच्यामध्ये आपली पोरं अनवाणी उभी असतात, म्हणून गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, हवाच. टेस्टर अर्थिंग नाही म्हणाला तर तिथे गाडी जोडू नका. वायर तीन कोअरची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

मीटर

लिथियम किती भरली आहे हे व्होल्टेजवरून कळत नाही. ९० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत आकडा जेमतेम दोन-तीन दशांश हलतो. शंटवाला मीटर लावा. निगेटिव्हची प्रत्येक वायर शंटच्या पलीकडून गेली पाहिजे, बॅटरीच्या टर्मिनलवर फक्त शंटची वायर. एक जरी परस्पर जोडली तर मीटर तिचा करंट मोजत नाही. लेड-अॅसिडचं व्होल्टेजवर बऱ्यापैकी कळतं: दोन-तीन तास विश्रांतीनंतर १२.७ म्हणजे भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे अर्धी. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर त्याहून खरं बोलतो, १२६५ च्या वर आकडा आला की पोट भरलं. आणि ती पलंगाखाली बंदिस्त ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बाहेर वाट देणारी पेटी करा.

सोसायटीत उभी असताना

मुंबईत बॅटऱ्या रस्त्यावर कमी आणि पार्किंगमध्ये जास्त मरतात. स्टिल्टखाली ऊन नाही, पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने हलत नाही. जीपीएस, सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टिम मिळून ५० मिलिअँपिअर खात असतील तर महिन्याला ३६ अँपिअर-अवर जातात, ७० च्या स्टार्टर बॅटरीतले निम्मे. जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा. सेक्रेटरींशी बोलून महिन्यातून एक रात्र मीटरवरचा सॉकेट मिळाला तर आणखी चांगलं.

मागची बॅटरी लेड-अॅसिड असेल तर पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा. लिथियम मात्र ५०-६० टक्क्यांवर आणून, सगळे लोड तोडून ठेवायची. शंभर टक्क्यांवर उकाड्यात पडून राहणं तिला मानवत नाही. टर्मिनलवर हिरवट-पांढरं साचलं असेल तर आधी वायर सोडवा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने साफ करा, सोड्याचं पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका, सुकलं की घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा.

दसऱ्याच्या सुमारास गाडी पुन्हा बाहेर काढाल तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चार्जर लावून लिथियम एकदा शंभर टक्के भरा. इतके महिने पडून मीटरचा हिशेब सरकलेला असतो, पूर्ण भरल्यावरच तो जागेवर येतो. लिथियम पार उतरून बीएमएसने तोडली असेल तर मल्टिमीटर शून्याच्या जवळ दाखवेल. लगेच भंगारात काढू नका. लिथियमसाठीचा, झोपलेली बॅटरी जागी करणारा चार्जर मिळतो, त्यावर लावून बघा. बऱ्याच वेळा ती उठते.